उच्च इंग्रजी शब्दसंग्रहाचे अध्ययन : पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या संदर्भात

१. प्रश्नाचे स्वरूप

अमेरिकेतील विद्यापीठांत उच्च अध्ययनासाठी जाऊ इच्छिणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यास जी परीक्षा बहुधा द्यावी लागते, ती ‘ग्रॅज्युएट रेकॉर्ड एक्झॅमिनेशन’ अथवा जी. आर. ई. होय. या परीक्षेच्या गणित विभागाविषयी आपल्याकडील विद्यार्थ्यांस फारशी धास्ती वाटत नाही. धास्ती असते ती भाषा विभागाची. या धास्तीवरचा रूढ उपाय म्हणजे शब्दसूचीचे पाठांतर. सुमारे साडेतीन हजार शब्दांची वर्णानुक्रमाने लावलेली सूची घ्यावयाची, ‘ए’पासून प्रारंभ करावयाचा, प्रत्येक शब्दापुढील एका ओळीचा अर्थ घोकावयाचा आणि परीक्षेच्या दिवसापर्यंत ‘झेड’ गाठावयाचा, असा हा क्रम आहे. पुष्कळांचा प्रवास ‘सी’ किंवा ‘डी’पाशीच थांबतो. जे शेवटास पोहोचतात त्यांस ‘ए’मधील शब्द आठवत नाहीत, आणि ज्यांस ते आठवतात त्यांसही प्रश्नपत्रिकेतील वाक्यात तेच शब्द अनोळखी वाटू लागतात.

हा दोष विद्यार्थ्याच्या बुद्धीचा अथवा श्रमांचा नसून पद्धतीचा आहे. त्यातही मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याच्या ठिकाणी या अपयशाचा अर्थ ‘आपले इंग्रजी मुळातच कच्चे’ असा लावला जातो आणि एक वाट त्याला कायमची बंद झाल्यासारखी वाटते. यास्तव ही परीक्षा नेमके काय तपासते, शब्द ‘येणे’ म्हणजे काय, आणि स्मृतिविषयक संशोधनाच्या आधारे शब्दाध्ययनाची कोणती रीत अधिक फलदायी ठरते, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. परीक्षेचे बदललेले रूप

या परीक्षेचा आरंभ १९३६ साली झाला. कार्नेगी प्रतिष्ठान आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व कोलंबिया या चार विद्यापीठांचे पदव्युत्तर विभाग यांनी मिळून केलेला तो एक प्रयोग होता. १९४७ साली ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ ही संस्था स्थापन झाली व पुढील वर्षी परीक्षेची व्यवस्था तिच्याकडे गेली. पुढे भाषिक क्षमता तपासण्यासाठी जे प्रश्नप्रकार रूढ झाले, त्यांपैकी दोन विशेष प्रसिद्धी पावले. एकात सुटा शब्द देऊन त्याचा विरुद्धार्थी शब्द निवडावयाचा असे. दुसऱ्यात शब्दांची एक जोडी देऊन तिच्याशी समान नाते असलेली दुसरी जोडी शोधावयाची असे. या दोन्ही प्रकारांत शब्दाभोवती वाक्य नसे. सूचीतील शब्द जसा एकटा, तसाच प्रश्नपत्रिकेतील शब्दही एकटा. त्यामुळे सूची पाठ करणाऱ्यास काही ना काही लाभ निश्चित होत असे.

ऑगस्ट २०११ मध्ये परीक्षेची पुनर्रचना झाली. विरुद्धार्थी शब्द व शब्दसाम्य हे दोन्ही प्रकार वगळण्यात आले आणि गुणांची २०० ते ८०० ही जुनी श्रेणी जाऊन १३० ते १७० ही श्रेणी आली. तेव्हापासून भाषा विभागात तीन प्रकारचे प्रश्न असतात. पहिला आकलनाचा : उतारा वाचून उत्तरे देणे. दुसरा रिक्तस्थानपूर्तीचा : एका वाक्यात वा परिच्छेदात एक, दोन किंवा तीन जागा रिकाम्या असतात, आणि सर्व जागा अचूक भरल्या तरच गुण मिळतो. तिसरा वाक्यसमानतेचा : एकाच रिकाम्या जागेसाठी सहा शब्द दिलेले असतात, आणि वाक्याला सारखाच अर्थ देणारे दोन शब्द निवडावे लागतात. सप्टेंबर २०२३ मध्ये परीक्षेचा कालावधी कमी करण्यात आला. आता भाषा विभागात एकूण २७ प्रश्न असून त्यांपैकी १२ प्रश्नांस १८ मिनिटे व १५ प्रश्नांस २३ मिनिटे मिळतात.

सारांश, सुट्या शब्दाचा प्रश्न आता उरलेला नाही. शब्द जाणण्याची कसोटी वाक्यात घेतली जाते. आणि जवळजवळ निम्मे प्रश्न तर उताऱ्यांच्या वाचनावरच आधारलेले असतात. परीक्षा बदलली, अभ्यासाची रीत मात्र पुष्कळ ठिकाणी जुनीच राहिली. प्रस्तुत प्रश्नाचे मूळ या विसंगतीत आहे.

३. शब्द ‘येणे’ म्हणजे काय?

एका उदाहरणाने हा मुद्दा स्पष्ट होईल. परीक्षेतील एका वाक्याचा आशय पुढीलप्रमाणे आहे असे समजू : ‘समीक्षकाने ग्रंथाची प्रशंसा केली खरी, पण ती — होती, प्रत्येक स्तुतिवाक्यामागे एक “परंतु” उभा होता.’ पर्याय सहा आहेत : क्वालिफाइड, लर्नेड, एफ्यूसिव्ह, गार्डेड, फुलसम आणि अनॉनिमस.

शब्दार्थ पाठ केलेला विद्यार्थी येथे जोड्या शोधू लागतो. ‘एफ्यूसिव्ह’ म्हणजे भरभरून केलेली, ‘फुलसम’ म्हणजे अतिरेकी व खुशामतीची. ही एक जोडी जुळते. ‘क्वालिफाइड’ म्हणजे अर्हताप्राप्त, ‘लर्नेड’ म्हणजे विद्वान. ही दुसरी जोडीही जुळल्यासारखी वाटते. परंतु दोन्ही उत्तरे चूक आहेत. वाक्यातील ‘पण’ आणि ‘परंतु’ हे दोन शब्द असे सुचवितात की प्रशंसा मोकळी नव्हती, हातचे राखून केलेली होती. ‘क्वालिफाइड’ या शब्दाला ‘मर्यादा घातलेला, सशर्त’ असा एक अर्थ आहे, आणि ‘गार्डेड’ म्हणजे सावधपणे, जपून केलेला. उत्तर या दोहोंचे आहे.

या उदाहरणातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, अवघड वाटणारा शब्द नेहमी दुर्मिळच असतो असे नाही. ‘क्वालिफाइड’ हा शब्द नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीत आढळतो; तो ओळखीचा आहे म्हणूनच फसवितो. ‘फ्लॅग’ म्हणजे निशाण, पण क्रियापद म्हणून गळून जाणे, मंदावणे. ‘टेम्पर’ म्हणजे राग, पण क्रियापद म्हणून सौम्य करणे. ‘पेडेस्ट्रियन’ म्हणजे पादचारी, पण विशेषण म्हणून नीरस, सामान्य दर्जाचे. अशा ओळखीच्या शब्दांची अनोळखी बाजू सूचीत क्वचितच सापडते. दुसरी, मराठीत रुळलेला इंग्रजी शब्द मूळ अर्थापासून दूर गेलेला असू शकतो. ‘मुलगा सिन्सिअर आहे’ या मराठी वाक्यात तो मेहनती आहे असे सांगावयाचे असते. इंग्रजीत त्याच शब्दाने मनाचा प्रांजळपणा सूचित होतो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, वाक्याची दिशा ओळखल्याशिवाय शब्दाच्या ज्ञानाचा उपयोग होत नाही. विरोध, कारण, परिणाम, सवलत इत्यादी संबंध दाखविणारे लहानसे अव्यय पुष्कळदा उत्तराची किल्ली असते. म्हणून पर्याय पाहण्यापूर्वी रिकाम्या जागी कोणत्या अर्थाचा शब्द हवा हे मराठीतच का होईना मनाशी ठरवावे व नंतरच पर्यायांकडे वळावे. या सवयीने पर्यायांतील फसव्या जोड्यांचा मोह टळतो.

४. मराठी पर्याय आणि अर्थच्छटा

इंग्रजी शब्द शिकताना मराठीचा आधार घेऊ नये, असा एक समज आहे. तो सर्वस्वी ग्राह्य नाही. दोष मराठीचा आधार घेण्यात नसून, एकाच ढोबळ मराठी शब्दावर पाच-सहा इंग्रजी शब्द टांगण्यात आहे. ‘बडबड्या’ या एका अर्थापुढे गॅरुलस, व्हर्बोस, प्रोलिक्स आणि ग्लिब हे चारही शब्द लिहून ठेवले की त्यांतील भेद नष्ट होतो. वस्तुतः हे भेद मराठीलाही अपरिचित नाहीत. क्षुल्लक गोष्टींवर उगाच बोलत राहणारा तो वाचाळ, म्हणजे गॅरुलस. लेखनात वा भाषणात पाल्हाळ लावणारा तो प्रोलिक्स. गरजेपेक्षा अधिक शब्द वापरणारे, शब्दबंबाळ ते व्हर्बोस. सफाईने बोलणारा, पण ज्याच्या बोलण्यात खोली वा प्रामाणिकपणा नाही, तो ग्लिब. उलट बाजूस, मोजक्या शब्दांत आशय सांगणे हे लॅकॉनिक, आणि मुळात बोलण्याचीच आवड नसणे, अबोलपणा, हे टॅसिटर्न. पहिला गुण शैलीचा आहे, दुसरा स्वभावाचा.

काटकसरी आणि कृपण यांतील अंतर मराठी भाषक कधी विसरत नाही. फ्रूगल आणि पार्सिमोनियस यांत तेच अंतर आहे. चिवट आणि हेकट हे दोघेही माघार घेत नाहीत, पण एकाची प्रशंसा होते व दुसऱ्याची निंदा. टेनेशस आणि ऑब्स्टिनेट यांचे तसेच आहे. संदिग्ध मजकूर, मोघम उत्तर आणि द्विधा मन या तीन प्रयोगांत मराठी माणूस विशेषणांची अदलाबदल करीत नाही. त्याच न्यायाने मजकूर ॲम्बिग्युअस असतो, उत्तर इक्विव्होकल असते आणि मनुष्य आपल्या भावनांत ॲम्बिव्हॅलंट असतो. शब्दाबरोबर तो कोणाविषयी वापरावयाचा, स्तुतीसाठी की निंदेसाठी, हेही शिकले पाहिजे. वाक्यसमानतेच्या प्रश्नात गुण जातात ते बहुधा याच ठिकाणी.

या कामी पूर्वसूरींचे ऋण स्मरणात ठेवण्याजोगे आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला व त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. इंग्रजी-मराठी कोश कँडी यांच्या साहाय्याने १८४७ साली पूर्ण झाला. एका मराठी शब्दापुढे अनेक इंग्रजी पर्याय देऊन त्यांच्या छटा दाखविण्याची मोल्सवर्थ यांची रीत आजही उद्बोधक आहे. विद्यार्थ्याने मराठी शब्दावरून इंग्रजीकडे जाऊन तो कोश चाळला, तर आपल्याच भाषेतील सूक्ष्म भेद त्याला नव्याने दिसू लागतात.

५. धातू, व्युत्पत्ती आणि सगोत्र शब्द

इंग्रजीतील विद्वत्प्रचुर शब्दांचा फार मोठा भाग लॅटिन व ग्रीक या भाषांतून आलेला आहे. या दोन्ही भाषा संस्कृतच्या सगोत्र आहेत, हे मत विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात मांडले आणि पुढील शतकात तौलनिक व्याकरणाने ते सिद्ध केले. संस्कृत तत्सम शब्दांनी समृद्ध असलेली मराठी ज्याची मातृभाषा आहे, त्याला या नात्याचा प्रत्यक्ष लाभ घेता येतो. तो फारसा घेतला जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

संस्कृत ‘सद्’, म्हणजे बसणे, या धातूवरून सदन व परिषद हे शब्द झाले. लॅटिनमध्ये त्याचा सगोत्र धातू ‘सेद्’ हा आहे. सेडन्टरी म्हणजे बैठे. हा शब्द सरळ आहे. ॲसिड्युअस म्हणजे एखाद्या कामापाशी बसून राहणारा, चिकाटीचा. ‘ठाण मांडून बसणे’ आणि ‘अभ्यासाची बैठक’ या मराठी प्रयोगांत हीच कल्पना आहे. इन्सिडिअस म्हणजे गुप्तपणे घात करणारा. त्यामागील लॅटिन शब्दाचा अर्थ दबा धरून बसणे असा आहे, आणि मराठीतही दबा धरून ‘बसतात’च. डिसिडन्ट म्हणजे वेगळा बसणारा, मतभेद व्यक्त करणारा. चार शब्द, पण धागा एक.

‘युज्’ धातूपासून योग व युग हे शब्द आले. बैलाच्या मानेवरील ‘जू’ हे त्या युगाचेच मराठी रूप. लॅटिनमध्ये जुवाला ‘युगुम्’ म्हणतात. म्हणून सब्जुगेट म्हणजे जुवाखाली आणणे, अंकित करणे; आणि कॉन्जुगल म्हणजे एका जुवास जोडलेल्या दोघांचे, दांपत्यविषयक. ‘मृ’ धातूवरून मरणाच्या दारी असलेल्यास संस्कृतात मुमूर्षू म्हणतात. मॉरिबंड या शब्दाचा धातू तोच व अर्थही तोच. नाम या शब्दाचा सगोत्र लॅटिन शब्द ‘नोमेन’; इग्नॉमिनी म्हणजे नाव जाणे. मराठीतील ‘बदनामी’ फारसीतून आली असली तरी तिच्यातील ‘नाम’ त्याच कुळातील आहे. ‘वाच्’ म्हणजे लॅटिन ‘व्होक्स’, आणि ‘भृ’ म्हणजे वाहणे, धारण करणे, याचा सगोत्र लॅटिन धातू ‘फेर्’. या दोहोंच्या संयोगाने व्होसिफरस हा शब्द झाला. मोठ्याने आवाज वाहून नेणारा, आरडाओरड करणारा, असा त्याचा अर्थ. त्यातील दोन्ही अवयव संस्कृतज्ञास परिचित आहेत.

‘भ’च्या ठिकाणी ‘फ’ येणे हा येथे योगायोग नाही. संस्कृत शब्दाच्या आरंभीच्या ‘भ’च्या जागी लॅटिनमध्ये नियमाने ‘फ’ आढळतो. भ्रातृ या शब्दाच्या ठिकाणी ‘फ्रातेर’ येतो आणि त्यावरून फ्रॅटर्नल हा शब्द होतो. ‘जन्’च्या ठिकाणी ‘गेन्’ व ‘ज्ञा’च्या ठिकाणी ‘ग्नो’ ही रूपेही अशीच नियमबद्ध आहेत. प्रोजेनी व कॉग्निझंट हे शब्द त्यांवरून उलगडतात. असे आठ-दहा ध्वनिनियम ध्यानात घेतले की पाठांतराचा भार पुष्कळ हलका होतो.

तथापि येथे सावधगिरीची आवश्यकता आहे. ध्वनिसाम्य म्हणजे सगोत्रता नव्हे. लॅटिन ‘देउस’ हा देव या शब्दाचा सगोत्र आहे. तोच अर्थ असलेला ग्रीक ‘थिऑस’ मात्र नाही. सेड्युलस, म्हणजे मन लावून काम करणारा, हा शब्द ॲसिड्युअसच्या अर्थाचा व दिसण्यातही त्याच्या जवळचा. पण ‘सद्’शी त्याचा संबंध नाही, तो ‘कपटाविना’ अशा अर्थाच्या लॅटिन प्रयोगातून आला आहे. नॉइसम या शब्दाचा ‘नॉइज’शी संबंध नाही, त्याचा अर्थ दुर्गंधीयुक्त, अपायकारक असा आहे. एनर्व्हेट हा शब्द ‘एनर्जी’सारखा वाटल्याने पुष्कळांस त्याचा अर्थ ‘जोम देणे’ असा भासतो. वस्तुतः तो नेमका उलटा आहे. ‘नेर्वुस’ म्हणजे स्नायू, आणि तो काढून घेणे म्हणजे निर्बल करणे.

व्युत्पत्ती कळूनही आजचा अर्थ हाती लागतोच असे नाही, याचे उत्तम उदाहरण रेस्टिव्ह हा शब्द आहे. ‘स्था’ धातूच्या सगोत्र ‘स्ता’पासून, मागे थांबून राहणे या अर्थाने तो सिद्ध झाला. पुढे चालण्यास नकार देणारा घोडा, मराठीत ज्यास अडेलतट्टू म्हणतात, तो मुळात रेस्टिव्ह. अशा घोड्यास आवरणे कठीण, म्हणून ‘बंधन न जुमानणारा’, आणि त्यातून ‘बेचैन, अधीर’ असा आजचा अर्थ आला. स्थिरतेच्या धातूतून अस्थिरतेचा शब्द निघाला. म्हणून व्युत्पत्ती हे स्मरणाचे साधन मानावे, अर्थाचे प्रमाण मानू नये. प्रमाण म्हणजे प्रयोग. आणि प्रयोग कोशातील उदाहरणांत व प्रत्यक्ष वाचनातच सापडतो.

६. विस्मरण आणि उजळणी

शब्द समजला तरी तो टिकत नाही, ही दुसरी तक्रार. या विषयाचा पहिला शास्त्रीय अभ्यास हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने केला व १८८५ साली प्रसिद्ध केला. निरर्थक अक्षरसमूहांच्या मालिका स्वतः पाठ करावयाच्या आणि काही काळाने त्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात हे मोजावयाचे, अशी त्याची रीत होती. एका तासानंतर सुमारे ४४ टक्के, एका दिवसानंतर सुमारे ३४ टक्के आणि ३१ दिवसांनंतर सुमारे २१ टक्के बचत त्याला आढळली. विस्मरण आरंभी अतिशय वेगाने होते व पुढे त्याचा वेग मंदावतो, हा त्यातून निघालेला निष्कर्ष. ‘ए’मधील शब्द का आठवत नाहीत, याचे उत्तर येथे मिळते : ते शिकले गेले, पण वेळीच उजळले गेले नाहीत.

एबिंगहाउसचे दुसरे निरीक्षण अधिक व्यावहारिक आहे. बारा अक्षरांची मालिका एकाच दिवशी सलग ६८ वेळा म्हणण्याने जो परिणाम साधला, तोच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनी साधला. एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा अंतराने केलेली उजळणी श्रेयस्कर, हा सिद्धांत पुढील अनेक प्रयोगांनी दृढ केला आहे.

यास अलीकडील संशोधनाची एक महत्त्वाची पुस्ती जोडावी लागते. २००८ साली कार्पिकी व रोडिगर यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस स्वाहिली भाषेतील ४० शब्द इंग्रजी अर्थांसह शिकविले. ज्यांनी शब्द येऊ लागल्यानंतरही स्वतःची पुनःपुन्हा परीक्षा घेतली, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के अर्थ आठवले. ज्यांनी शब्द पुनःपुन्हा वाचले, पण परीक्षा थांबविली, त्यांना साधारण एक-तृतीयांशच आठवले. लक्षणीय बाब अशी की आपणास किती आठवेल याविषयी दोन्ही गटांचा अंदाज सारखाच होता. म्हणजे पुन्हा पुन्हा वाचल्याने शब्द आल्याचा भास होतो. अर्थ झाकून तो आठविण्याचा प्रयत्न केल्याने शब्द येतो. सूचीवरून नजर फिरविणे हा अभ्यास नव्हे, हे विद्यार्थ्याने पक्के ध्यानात ठेवावे.

अंतर व परीक्षण ही दोन्ही तत्त्वे एकत्र आणणारी सोपी योजना सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ साली सुचविली. पत्त्याएवढ्या कागदाच्या एका बाजूस शब्द व दुसऱ्या बाजूस अर्थ लिहावयाचा. पेटीत पाच कप्पे करावयाचे. अर्थ अचूक आठवला तर पत्ता पुढच्या कप्प्यात जातो, चुकला तर पहिल्या कप्प्यात परततो. पहिला कप्पा रोज, आणि पुढचे कप्पे क्रमाने अधिकाधिक अंतराने पाहावयाचे. आज संगणकावर व दूरध्वनिसंचावर याच तत्त्वावरील साधने उपलब्ध आहेत. तथापि स्वतः लिहिलेला पत्ता व त्यावरील स्वतः निवडलेले वाक्य यांची बरोबरी आयत्या पत्त्यांस येत नाही.

शब्दांच्या गटांविषयीही एक सूचना आवश्यक आहे. टिंकम यांनी १९९३ मध्ये आणि वेअरिंग यांनी १९९७ मध्ये केलेल्या प्रयोगांत असे आढळले की समानवर्गीय नवे शब्द एकाच वेळी शिकल्यास ते परस्परांत मिसळतात व शिकण्यास अधिक श्रम पडतात. म्हणून गॅरुलस, प्रोलिक्स, ग्लिब हे शब्द एकाच दिवशी प्रथम भेटू नयेत. प्रत्येकाची स्वतंत्र ओळख झाल्यानंतर त्यांची तुलना करावी. वर चौथ्या विभागात सुचविलेला भेदविचार हा या दुसऱ्या टप्प्याचा आहे.

७. निवड आणि वेळापत्रक

कोणते शब्द प्रथम शिकावे? १९५३ साली मायकेल वेस्ट यांनी इंग्रजीतील सुमारे दोन हजार अत्यावश्यक शब्दांची सूची प्रसिद्ध केली. वेस्ट यांनी त्यापूर्वी बंगालमध्ये अध्यापन केले होते आणि भारतीय विद्यार्थ्याच्या वाचनाच्या अडचणींतूनच त्यांचे कार्य आकारास आले होते. त्या सूचीच्या पलीकडील, पण सर्व विद्याशाखांच्या ग्रंथांत वारंवार येणारे शब्द ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली निवडले. या ५७० शब्दकुलांनी शास्त्रीय लेखनाचा सुमारे दहावा भाग व्यापलेला असतो. उताऱ्यांची भाषा मुख्यत्वे या शब्दांची असते. त्यामुळे प्रथम हे शब्द त्यांच्या सर्व छटांसह, नंतर वाचनात स्वतःस अडलेले शब्द, आणि शेवटी तयार सूचीतील दुर्मिळ शब्द, असा क्रम इष्ट होय.

वेळेचा हिशेब साधा आहे. प्रत्येक शब्दाची उजळणी १, ३, ७, १५ व ३० दिवसांनी, म्हणजे पाच वेळा करावयाची असे ठरविले आणि रोज २० नवे शब्द घेतले, तर काही आठवड्यांनी रोज २० नवे व १०० जुने असे १२० पत्ते हाताळावे लागतात. प्रत्येकी १२ सेकंद धरल्यास २४ मिनिटे होतात. ५० दिवसांत एक हजार शब्द व त्यानंतर केवळ उजळणीचे ३० दिवस, असे ८० दिवस पुरतात. हाच हिशेब साडेतीन हजार शब्दांस लावला, तर रोज ३५ नवे शब्द व ४२ मिनिटे, आणि एकूण १३० दिवस लागतात. काम अशक्य नाही. पण परीक्षेस दोन महिने उरले असता संपूर्ण सूचीस हात घालणे व्यर्थ आहे, हे यावरून स्पष्ट होते. अशा वेळी हजार शब्द पक्के करून उरलेला वेळ वाचनास देणे अधिक शहाणपणाचे.

अलीकडच्या काळात, विशेषतः २०२० नंतर, अमेरिकेतील अनेक विभागांनी या परीक्षेची अट काढून टाकली आहे किंवा ऐच्छिक केली आहे. यास्तव आपणास इष्ट असलेल्या विभागाचा नियम प्रथम पाहावा आणि मगच या श्रमांस प्रारंभ करावा.

८. समारोप

परीक्षेची अट उद्या सर्वत्र गेली, तरी शब्दांची गरज जाणार नाही. इंग्रजीतील सर्वसाधारण लेखन कोशाच्या साहाय्याविना वाचण्यास आठ ते नऊ हजार शब्दकुलांचे ज्ञान लागते, असा पॉल नेशन यांचा २००६ सालचा निष्कर्ष आहे. प्रवेश मिळाल्यानंतर दर आठवड्यास शेकडो पृष्ठे वाचावी लागतात, तेव्हा सूची जवळ नसते. जवळ असते ती केवळ वाचनाची सवय.

पाठांतराची परंपरा आपणास नवी नाही. पाठशाळेतील विद्यार्थी अमरकोश मुखोद्गत करीत असे, आणि त्यातील रचना तर वर्णानुक्रमाची नसून अर्थाच्या वर्गांची आहे. परंतु ते पाठांतर तेथेच संपत नसे. कोशाबरोबर रघुवंशाचे सर्ग चालत, आणि कोशात पाठ केलेला शब्द काव्यात पुन्हा भेटे. तेथे त्याला वाक्य लाभे, प्रसंग लाभे, छटा लाभे. कोश आणि काव्य यांची ही जोडी फोडून केवळ कोश हाती ठेवणे, हीच आजच्या शब्दसूचीच्या अभ्यासातील मूलभूत उणीव आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास या परीक्षेचे भय वाटण्याचे कारण नाही. त्याच्यापाशी सूक्ष्म भेद जाणणारी मातृभाषा आहे आणि संस्कृतच्या द्वारे लॅटिनशी जुळलेले नाते आहे. रोज अर्धा तास पत्त्यांना आणि एक तास चांगल्या इंग्रजी गद्याला, इतके त्याने नेमाने दिले, तर परीक्षेचा प्रश्न सुटेलच; त्याशिवाय ज्या ग्रंथांसाठी ही परीक्षा द्यावयाची, ते ग्रंथही त्याला आपलेसे होतील.